माळढोक, रणगाडे आणि सातबारा

कामगार चळवळीतल्या माणसाने पक्ष्यावर बोलायला उभे राहावे याचे काहींना नवल वाटले असेल. पण मी या विषयाकडे पक्ष्याच्या वाटेने आलो नाही, सातबाराच्या वाटेने आलो. वीसएक वर्षांपूर्वी कर्जत तालुक्यातला एक शेतकरी माझ्याकडे आला. मुलीचे लग्न ठरलेले, दोन एकर विकायची होती, आणि एका कचेरीत त्याला सांगितले गेले की जमीन अभयारण्यात आहे, व्यवहार व्हायचा नाही. "अण्णा, आमच्या शिवारात धड झाड नाही, मग अरण्य आले कुठून?" त्याला उत्तर देता येईना, म्हणून मी कायदा वाचायला घेतला. माझी शाळा सातवीत सुटलेली, त्यामुळे तो पुष्कळ दिवस वाचत बसलो.

उत्तर असे निघाले. १९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश माळढोकाचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आपला सबंध जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, १७,०४८ चौरस किलोमीटरचा आणि महाराष्ट्रातला सर्वांत मोठा. त्याच्या निम्म्याएवढे हे अभयारण्य! आपल्याकडचे कर्जत, श्रीगोंदे, नेवासे त्यात आले. गावे, बाजारपेठा, रस्ते, सगळे आले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१२च्या सुमारास हा आकडा १,२२२वर आला. मधली तीस-बत्तीस वर्षे लोकांनी माळढोकाला शिव्या घातल्या. बिचाऱ्या पक्ष्याने काय केले होते?

माळढोक हा झाडावर बसणारा पक्षी नव्हे. उभा राहिला तर मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा. तो उघड्या माळावर चालतो. टोळ, भुंगे, सरडे, बोरे, हरभरा असे मिळेल ते खातो. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. पाऊल पडले, कुत्रे आले, नांगर फिरला, की त्या वर्षाचे पीक गेले. शिवाय त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना. समोरची विजेची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि एवढे जड अंग ऐनवेळी वळत नाही. आज साऱ्या देशात रानात राहिलेले माळढोक दीडशेच्याही आत आहेत, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे ज्वारी-करडईच्या जिराईत रानात तो पूर्वी माणसांबरोबर नांदत होता. मग विहिरी खोल गेल्या, पाणी आले, ऊस आला. साखर कामगारांच्या सभांतून मी आयुष्यभर उसाची बाजू मांडली आहे, तेव्हा ही गोष्ट मलाच सांगितली पाहिजे: माळढोकाचे घर बंदुकीने कमी मोडले, उसाने अधिक मोडले.

आता जिल्ह्याच्या उत्तर अंगाला या. १९४८ साली रणगाडा दलाचे शिक्षणकेंद्र नगरला आले. रणगाड्यांच्या सरावासाठी खारे-कर्जुने गावच्या नावाने ओळखले जाणारे 'के. के. रेंज' नगर, पारनेर व राहुरी तालुक्यांत पसरले आहे. २०२० साली आणखी जमीन कायमची जाणार अशी धास्ती तेवीस गावांत पसरली. यातले पुष्कळ लोक मुळा धरणात एकदा उठलेले. कुणाची जमीन राहुरीच्या कृषी विद्यापीठात गेलेली. दक्षिणेला पक्ष्यासाठी सातबारा अडला, उत्तरेला तोफेसाठी अडतो. धनी वेगळे, पण हुकूम ऐकणारा एकच.

येथे एक विचित्र गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लष्कराच्या कुंपणाआड पुष्कळदा वन्य जीव टिकतात. तोफ वर्षातून काही दिवस धडाडते. नांगर, कूपनलिका, बंगला आणि डांबरी रस्ता बाराही महिने चालतात. राजस्थानात पोखरणच्या सराव क्षेत्रात माळढोक तगून आहेत, ज्या पोखरणला १९७४ व १९९८ साली अणुस्फोट झाले तेथेच! अमेरिकेत फोर्ट ब्रॅग या छावणीच्या पाइनवनात दुर्मिळ सुतारपक्षी राखण्यासाठी लष्कराला सरावाचे नियम बदलावे लागले. इंग्लंडात माळढोकाचा भाऊबंद १८३२च्या सुमारास नाहीसा झाला होता. २००४पासून तो पुन्हा सोडण्यात आला तो सॉल्झबरी प्लेन या लष्करी माळावर, कारण एवढे गवत अन्यत्र उरलेच नव्हते. म्हणून काही पक्षिमित्र म्हणतात, जमीन लष्कराकडे गेली तर बरेच.

मी त्यांना इंबरची हकीकत सांगतो. त्याच सॉल्झबरी माळावरचे हे खेडे. १९४३च्या नोव्हेंबरात गावकऱ्यांना हुकूम आला आणि सत्तेचाळीस दिवसांत गाव रिकामे झाले. युद्ध संपले, लष्कर राहिले, गावकऱ्यांना राहायला परत जाता आले नाही. त्यांची देऊळवाडी, म्हणजे चर्च, आजही वर्षातले मोजके दिवस उघडते. माळावरचे गवत टिकले हे खरे. परंतु त्याचे भाडे कुणी भरले, हेही पाहिले पाहिजे.

आपल्याकडे या बाबतीत १९३८चा कायदा आहे, इंग्रजांनी केलेला, युद्धसराव आणि तोफखाना सरावाचा. त्याने जमिनीची मालकी जात नाही. अधिसूचना निघते आणि ठरलेल्या काळात लोकांना बाजूला व्हावे लागते. पिकाची, घराची, रोजगाराच्या अडथळ्याची भरपाई त्यात सांगितली आहे. पण मुदत संपत आली की नवी अधिसूचना, अशी पिढी जाते. झारखंडात नेतरहाटच्या आदिवासींनी १९९३पासून लढा दिला. २०२२ साली मुदत संपली तेव्हा तेथील सरकारने ती वाढवली नाही. तेथे लोक अधिसूचनेची शेवटची तारीख पाठ करून बसले होते. आपल्या गावांत ती किती जणांना ठाऊक असते?

लष्कराला सराव हवा, यात मला शंका नाही. अप्रशिक्षित जवान रणगाड्यात बसवणे म्हणजे अप्रशिक्षित मजूर बॉयलरवर उभा करणे होय. परंतु गोळीबाराचे वेळापत्रक आणि अंड्यांचे वेळापत्रक एकमेकांशेजारी ठेवून पाहता येते. माळावरचे पक्षी पावसाळ्यात अंडी घालतात, त्याच दिवसांत शेतकऱ्याची पेरणी-खुरपणी असते. म्हणजे पक्ष्याला आणि कुणब्याला शांतता हवी असते ती एकाच मोसमात. उन्हाळ्यात वाळल्या गवतावर गोळा पडला तर वणवा पेटतो, तेव्हा जाळपट्टे आधी काढावे लागतात; ते काम गावच्या मजुरांना द्यावे, रोजंदारी रोख द्यावी.

आणि अभयारण्य करायचे तर जिल्ह्याच्या निम्म्याएवढे नकाशावर रंगवू नये. कर्जत तालुक्यातच रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे, १९८०चे, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. त्याची हद्द गुराख्याच्या पोरालाही ठाऊक आहे आणि तेथे काळवीट आजही दिसतात. मध्य प्रदेशात करेरा येथे १९८१ साली माणसांच्या शेतांसकट माळढोक अभयारण्य केले; लोक चिडले, आणि दहा-पंधरा वर्षांत तेथला माळढोक संपला.

तो कर्जतचा शेतकरी पुढे भेटला. जमीन विकली गेली नव्हती, लग्न सावकाराच्या पैशावर झाले होते. मी त्याला माळढोक पाहिलास का म्हणून विचारले. "लहानपणी पाहिला," तो म्हणाला, "बापाच्या हरभऱ्यात. बाप म्हणायचा, खाऊ दे, किती खाईल?"