पाच सेकंदांचे कुलूप : आत जाण्याआधी बाहेर यायची सोय बघा

शेतकरी बंधूंनो, तुमच्यापैकी पुष्कळजण कांदा, बटाटा, भाजी नाही तर आंबा घेऊन नवी मुंबईला, वाशीच्या बाजार समितीत गेलेले असाल. १९९६ साली भाजीपाला आणि फळबाजार मुंबईतून इथे हलला, तेव्हापासून ही वाट आपल्या गाड्यांना पाठ आहे. माल उतरला, पट्टी हातात पडली, की कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ भागात राहणाऱ्या पोराकडे चहाला जायचे. खाली जिन्याचे दार बंद असते. बटण दाबायचे, वरून पोरगा म्हणतो, "या आप्पा, ढकला दार," आणि कुलूप 'खट्' करते. पाच सेकंदांत ढकलले तर ठीक, पिशवी सावरत बसलात तर पुन्हा बंद. परत बटण दाबा!

हे पाच सेकंद मोजणारी वस्तू काडेपेटीएवढी असते. तिला टायमर रिले म्हणतात. शे-दोनशे रुपयांत तिची पट्टी मिळते आणि बारा व्होल्टवर चालते. शहरातल्या जिन्यावरून ही वस्तू आता गावाकडे आली आहे. शेतकरी कंपनीचे गोदाम, द्राक्षाचे शीतगृह, केळी पिकवण्याची खोली, सोसायटीचे ऑफिस, पतसंस्थेची तिजोरीखोली, सगळीकडे 'विजेचे कुलूप लावू' असा विषय मासिक सभेत निघतो. लावा, हरकत नाही. पण लावण्याआधी दोन गोष्टी विचारा. लाइट गेली की हे दार काय करील? आणि आत माणूस असेल तर तो बाहेर कसा येईल?

टायमर तुमच्या ओळखीचाच

टायमर म्हणजे काही नवीन विद्या नाही. तुमच्या मोठ्या मोटारीच्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तो असतोच. मोटार आधी स्टारवर हळू उचलते, काही सेकंदांनी टायमर तिला डेल्टावर टाकतो. त्या सेकंदांची किंमत काय, हे डीपीवर अवलंबून असलेल्या माणसाला सांगायला नको. सगळ्यांच्या पंपांना ऑटो स्विच लावलेले असले आणि लाइट आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम उचलल्या, की डीपीवर ताण येतो आणि ती जळते. म्हणून तर महावितरण ऑटो स्विच काढा म्हणून सांगत असते.

दाराच्या टायमरचे काम जुन्या घटिकापात्रासारखे चालते. लग्नाच्या मुहूर्ताला घंगाळातल्या पाण्यावर बारीक भोकाची वाटी सोडायचे, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. टायमरमध्ये पाण्याच्या जागी वीज आणि वाटीच्या जागी कपॅसिटर असतो. भोकाचे काम रेझिस्टर करतो. कपॅसिटर दोन-तृतीयांश भरला की चिप रिले सोडते. ही ५५५ नावाची चिप हान्स कामेनझिंड या अभियंत्याने १९७१ साली तयार केली आणि आजही ती अशा अनेक पट्ट्यांवर दिसते. ४७० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला, तर वेळ पाच सेकंदांच्या थोडी वर येते. पट्टीवरचा छोटा स्क्रू फिरवला की भोक लहान-मोठे होते आणि वेळ वाढते-घटते.

एक लक्षात ठेवा. साधा कपॅसिटर थंडीत मंदावतो आणि वेळ बदलते. शिवाय थंड पट्टीवर दव धरते. म्हणून शीतगृहाचा टायमर कधीही थंड खोलीच्या आत बसवू नका. खोलीबाहेर, पण चोराचा हात पोचणार नाही अशा ऑफिसच्या बाजूला, बंद डबीत ठेवा. दाराबाहेरच्या भिंतीवर उघडा ठेवलात, तर दोन तारा एकमेकींना लावून कोणीही दार उघडील.

दोन कुलपे, दोन स्वभाव

विजेची कुलपे मुख्यतः दोन स्वभावांची असतात. पहिल्याला उघडण्यासाठी वीज लागते. लाइट गेली तरी ते बंदच राहते. आपण त्याला 'बंद राहणारे' म्हणू. दुसरे लोहचुंबकाचे. त्याला बंद राहण्यासाठी सतत वीज लागते. लाइट गेली की ते सुटते आणि दार मोकळे होते.

गोदामाच्या मालकाला पहिले आवडते, कारण माल सुरक्षित. आत काम करणाऱ्याच्या जिवाला दुसरे बरे. या दोन्ही गरजा एका दारावर कशा सांभाळायच्या, हाच खरा प्रश्न आहे.

खर्चाचाही फरक बघा. बाजारातले मध्यम चुंबक बारा व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर वीज घेते, आणि चोवीस तास घेते. त्याला ७ अँपिअर-तासांची बॅटरी जोडली तर कागदावर १४ तास निघतात, प्रत्यक्षात कमीच धरा. आपल्याकडे वादळात तार तुटली तर दोन-दोन दिवस लाइट येत नाही, हे विसरू नका. बंद राहणाऱ्या कुलपाला मात्र वीज फक्त त्या पाच सेकंदांपुरती लागते, तीच बॅटरी कितीतरी जास्त टिकते. पण या कुलपाची कॉइल फार वेळ चालू ठेवली तर तापून जळते. म्हणून इथे टायमर पाच-सात सेकंदांवरच ठेवावा.

वायरमनला आणखी एक सांगा. डीसी कुलपाच्या दोन टोकांना उलटा डायोड लावायचा, चंदेरी पट्टा प्लसकडे. कॉइलची वीज तुटते तेव्हा ती उलटा झटका देते आणि रिलेचे पॉइंट जाळते. दोन-चार रुपयांच्या डायोडने पट्टी वाचते.

लाइट आली आणि दार उघडले

आता गावाकडची खास अडचण ऐका. काही साध्या पट्ट्या अशा असतात, की त्यांना वीज मिळाली की त्या आपोआप एक फेरी करतात. म्हणजे रात्री दोनला लाइट गेली, तीनला आली, की रिले ओढला जातो आणि कुलूप पाच सेकंद उघडते. कोणी बटण दाबलेले नसते! शहरात हे क्वचित घडेल. आपल्याकडे एका रात्रीत चार वेळा घडू शकते, आणि ज्याला हे कळले त्याला चावीची गरज उरत नाही.

म्हणून बसवल्यावर पैसे देण्याआधी स्वतः परीक्षा घ्या. मेन स्विच दहा वेळा बंद-चालू करा आणि दाराशी उभे राहा. एकदा जरी 'खट्' वाजले तरी पट्टी बदलून मागा. बॅटरी जोडून आणि बॅटरी काढून, दोन्ही प्रकारे बघा. मग बटण मिनिटभर दाबूनच धरा. कुलूप तेवढा वेळ उघडेच राहते का, हेही कळेल.

आतल्या माणसाचे काय?

बंधूंनो, माल चोरीला गेला तर पुन्हा पिकवता येतो. ज्या खोलीत हवाच घातक असते, तिथे दार हा जिवाचा प्रश्न होतो.

फळे पिकवण्याच्या खोलीत इथिलीन सोडतात. कार्बाइडला बंदी आहे, इथिलीनला १०० पीपीएमपर्यंत २०१६ पासून परवानगी आहे. पण फळे स्वतः श्वास घेतात आणि कार्बन डायऑक्साइड साचतो, म्हणून खोली वेळोवेळी उघडून हवा खेळवावी लागते. नियंत्रित वातावरणाच्या शीतगृहात तर प्राणवायू २१ टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांवर आणलेला असतो. तिथे चुकून शिरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. अशा दारावर टायमर लावून दार आपोआप बंद करणे किती धोक्याचे, याचा विचार करा.

म्हणून नियम एकच. टायमर फक्त आत येण्यासाठी. बाहेर पडायला टायमरही नको, वीजही नको. बंद राहणारे कुलूप असेल तर आतून हाताने फिरणारी मूठ हवी. शीतगृहाच्या चांगल्या दाराला आतून ढकलायचा दांडा असतो, बाहेरून कडी लावलेली असली तरी तो दार सोडवतो. तो काढून टाकू नका, त्यावर खोकी रचू नका. चुंबक असेल तर आतले बटण चुंबकाची वीज थेट तोडणारे हवे. ते टायमरच्या पट्टीतून फिरून गेलेले नको, नाही तर पट्टी जळाली की आतला माणूस अडकला.

वाशीतच शिकण्यासारखे

हाच विचार मोठ्या प्रमाणावर कसा केला जातो, ते वाशीतच दिसते. अणुऊर्जा विभागाच्या 'ब्रिट' मंडळाचा मसाल्यांवर किरणांचा मारा करणारा प्रकल्प तिथे २००० सालापासून आहे. कृषी पणन मंडळाचे विकिरण केंद्रही वाशीतच आहे आणि तिथून प्रक्रिया झालेला आंबा अमेरिकेला जातो.

कोबाल्टचा स्रोत वापरणाऱ्या अशा प्रकल्पांत स्रोत एरवी खोल पाण्याखाली असतो. तो वर काढण्याआधी चालकाने आत फेरी मारून ठरलेली बटणे दाबायची, ठरलेल्या वेळात बाहेर येऊन दार लावायचे. वेळ चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. मग घंटा वाजते, दिवा लुकलुकतो आणि थोडा वेळ काहीच होत नाही. तो वेळ चुकून आत राहिलेल्या माणसासाठी असतो. त्याने दोरी ओढली की सगळे थांबते. इथला टायमर मालासाठी सेकंद मोजत नाही, माणसासाठी मोजतो.

ही शिस्त मोडली तर काय होते, तेही जगाने पाहिले. १९८९ साली एल साल्वादोरमध्ये आणि १९९० साली इस्रायलमध्ये अशाच प्रकल्पांत सुरक्षेची साखळी डावलून माणसे आत गेली. दोन्हीकडे एकेक कामगार दगावला. यंत्र अडले होते, काम खोळंबले होते, म्हणून कुलपाला बगल दिली गेली. 'तेवढी वायर जोडून टाक रे,' हे वाक्य आपल्याकडेही रोज ऐकू येते.

कोटेशनमध्ये हे लिहा

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सोसायटीच्या सचिवांना विनंती, की कोटेशन मागवताना नुसते 'विद्युत कुलूप एक नग' लिहू नका. कुलूप लाइट गेल्यावर बंद राहणारे की उघडणारे, बॅटरी किती तास चालेल, लाइट परत आल्यावर दार आपोआप उघडणार नाही याची हमी, आतून हाताने उघडण्याची सोय आणि बाहेरून उघडायची एक साधी चावी, एवढे पाच मुद्दे लिहा. चावी दोन जबाबदार माणसांकडे ठेवा आणि त्यांची नावे ऑफिसच्या फळ्यावर लिहा.

बसवून झाल्यावर बिल पास करण्याआधी एक काम करा. मेन स्विच पाडा, बॅटरी काढा, दिवे घालवा. मग स्वतः आत जा आणि बाहेरच्याला दार लावायला सांगा. अंधारात, चाचपडत, कोणाला हाक न मारता तुम्ही बाहेर आलात, तर बिलावर सही करा. नाही आलात, तर तुमच्या हमालालाही येता येणार नाही, हे समजून ते कुलूप परत पाठवा.