आठ आण्यांचा हिशेब

आष्टीच्या बाजारात साडेनऊ रुपयांची वस्तू घेऊन दहाची नोट दिली, तर उरलेले आठ आणे परत मिळतीलच असे नाही. ‘चिल्लर नाही’ म्हणत दुकानदार चॉकलेट हातावर ठेवतो.

नाणे कायद्याने बाद होण्याआधी बाजारातून जाते. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढे महागाई वाढली, लहान नाण्यांतला धातू त्यांच्या किमतीहून महाग झाला. अखेर ३० जून २०११ पासून चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी बाद झाली. आठ आणे मात्र आजही कायदेशीर चलन आहे. दहा रुपयांपर्यंतच्या देण्यात ते वैध आहे.

मग तेही बाद करावे का? जरूर करावे, पण आधी नियम हवा. कॅनडाने २०१३ साली सेंटचे नाणे देणे थांबवले, तेव्हा रोखीचे एकूण बिल जवळच्या पाच सेंटांवर आणायचे ठरले. कधी वर, कधी खाली. कार्डाचा हिशेब तसाच राहिला.

आपल्याकडे मोबाइलवरून पैसे देणारा नेमके साडेनऊ देतो, रोखीने देणारी म्हातारी दहा. रोजचे आठ आणे म्हणजे वर्षाचे १८२ रुपये ५० पैसे! म्हणून पूर्णांक प्रत्येक वस्तूचा नव्हे, एकूण बिलाचा करावा आणि नेमका अर्धा रुपया उरला, तर तो गिऱ्हाइकाला सोडावा. नाणे गेले तरी चालेल, हिशेब जाऊ नये.