पीटर सशाचा जमाखर्च

स्वतःचे पुस्तक स्वतःच विकणे अनेक लेखकांस संकोचाचे वाटते. इंग्लंडच्या बीअट्रिक्स पॉटर यांना तसे वाटले नाही. प्रकाशकांनी नाकारलेल्या ‘पीटर रॅबिट’च्या २५० प्रती त्यांनी डिसेंबर १९०१मध्ये स्वखर्चाने छापल्या, काही आप्तेष्टांस भेट दिल्या, काही विकल्या. मागणी येताच आणखी २०० काढल्या. १९०२मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशन संस्थेची रंगीत आवृत्ती निघाली आणि पुस्तक गाजले. मात्र अमेरिकेत स्वामित्वहक्काची नोंदणी राहून गेली. तेथील अनधिकृत आवृत्त्यांचा मोबदला लेखिकेस मिळाला नाही. कीर्ती जमेस, पण हक्काचा कागदच नाही! १९०३मध्ये पीटरची बाहुली स्वहस्ते शिवल्यावर त्यांनी तिची नोंदणी तत्परतेने करून घेतली. १९०५मध्ये पुस्तकांचे मानधन व वारशाची थोडी रक्कम एकत्र करून त्यांनी हिल टॉप हे शेत घेतले.