कोंबड्यांवरील माइट

कोंबड्यांवरील माइट : कोंबड्यांचे रक्त शोषणारे अथवा त्यांच्या त्वचेत व पिसांत राहून उपजीविका करणारे सूक्ष्म बाह्य परजीवी. माइट हे कीटक नव्हेत. कोळी, विंचू व गोचीड यांच्याप्रमाणे त्यांचा समावेश संधिपाद संघाच्या ॲरॅक्निडा वर्गात होतो. प्रौढ माइटला पायांच्या चार जोड्या असतात, तर अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या डिंभाला तीनच असतात. बहुतेक जाती १ मिमी.पेक्षा लहान असल्याने त्या सहसा नजरेस पडत नाहीत आणि कोंबडी खंगू लागल्यावरच त्यांचा संशय येतो. ग्रामीण भागात उवा, पिसवा, गोचीड व माइट यांना पुष्कळदा एकाच नावाने ओळखले जाते. तथापि यांतील प्रत्येकाची राहण्याची जागा व जीवनक्रम वेगळा असून उपाय त्यावरच अवलंबून असतो. परजीवी कोंबडीच्या अंगावर राहतो की खुराड्याच्या भिंतीत, हे प्रथम ठरविल्याखेरीज केलेला उपचार बहुधा वाया जातो.

प्रकार : तांबडा माइट (डर्मॅनिसस गॅलिनी) हा सर्वांत उपद्रवी प्रकार होय. उपाशी असताना तो करड्या रंगाचा असतो व रक्त प्यायल्यावर तांबडा होतो. दिवसा तो भिंतीच्या भेगा, बसावयाच्या काठीच्या फटी, डालग्याची वीण व अंडी घालण्याच्या जागेतील भुसा यांत दडून राहतो. रात्री बाहेर पडून तो झोपलेल्या कोंबडीचे रक्त शोषतो आणि पुन्हा फटीत परततो. त्यामुळे दिवसा कोंबडी कितीही तपासली, तरी तिच्या अंगावर तो क्वचितच सापडतो.

उष्ण प्रदेशातील कोंबडी-माइट (ऑर्निथोनिसस बर्सा) व उत्तरी कोंबडी-माइट (ऑर्निथोनिसस सिल्व्हिएरम) हे दिसावयास तांबड्या माइटसारखेच असले, तरी त्यांचा मुक्काम मुख्यतः पक्ष्याच्या अंगावर असतो. गुदद्वाराभोवतीची पिसे त्यांच्या अंडी, विष्ठा व कातींमुळे काळपट आणि चिकट होतात. यांपैकी पहिला उष्ण कटिबंधात अधिक आढळतो व घरट्यांतही वाढतो. चिमण्या, कबुतरे व साळुंक्या यांच्या घरट्यांतून तो खुराड्यात येऊ शकतो.

पायाच्या खरजेचा माइट (निमिडोकॉप्टीस म्यूटन्स) हा रक्त शोषीत नाही. तो पायावरील खवल्यांखाली त्वचा पोखरून राहतो. त्यामुळे खवले उचलले जातात, त्यांखाली पांढरट भुसभुशीत पापुद्रे साठतात आणि पाय चुन्यात बुडवून काढल्यासारखा जाड व वेडावाकडा होतो. याच्याच जवळचा एक माइट पिसांच्या मुळांशी राहतो. त्याच्या त्रासाने कोंबडी स्वतःची पिसे उपटते.

कोंबड्यांवरील गोचीड (अर्गस पर्सिकस) हा माइटचा मोठा नातेवाईक होय. त्याचा आकार चपट्या बीसारखा असून तोही भिंतीच्या भेगांत राहतो व रात्रीच रक्त पितो. प्रौढ गोचीड अन्नावाचून दीर्घकाळ जगतो. कोंबड्यांतील स्पायरोकीट जंतूंचा ज्वर त्याच्यामार्फत पसरतो [→ गोचीड].

जीवनक्रम : तांबड्या माइटची मादी रक्त प्यायल्यावर फटीत परतून एका वेळी ४ ते ८ अंडी घालते. अंडे, डिंभ, दोन अर्भकावस्था व प्रौढ असा त्याचा क्रम असतो. डिंभ काही खात नाही. पुढील अवस्थांना मात्र रक्त लागते. सु. २५° ते ३५° से. तापमान व दमट हवा असल्यास हा सर्व क्रम सात ते दहा दिवसांत पूर्ण होतो. म्हणून पावसाळ्याच्या आरंभी तुरळक दिसणारा हा प्राणी महिनाभरात असंख्य होतो. उलटपक्षी थंड व दमट जागी तो रक्तावाचून कित्येक महिने तग धरतो. रोगट कोंबड्या विकून खुराडे काही आठवडे रिकामे ठेवले, की नव्या कोंबड्या सुरक्षित राहतील हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. ४५° से.पेक्षा अधिक तापमान मात्र त्याला सोसत नाही. उकळत्या पाण्याचा उपाय यावरच आधारलेला आहे.

मराठवाड्यातील परसातील कोंबड्या : लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ व त्याच्या आसपासच्या गावांत कोंबड्या मुख्यत्वे परसातच पाळल्या जातात. गावठी कोंबड्यांबरोबर बंगलोरच्या कृषी विद्यापीठात विकसित केलेली गिरीराज व हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेली वनराज या जातीही मराठवाड्यात पाळतात. कोंबड्या दिवसभर उकिरडा व अंगण धुंडाळतात आणि सायंकाळी खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडल्या जातात. दगड-मातीच्या भिंती, माळवदाच्या तुळया व भिंतीलगत रचलेले खुराडे ही जुन्या घरांची रचना उन्हाळ्यात थंडावा देते. परंतु तिच्यातील भेगा माइट व गोचीड यांना आयता आसरा देतात. याउलट मोकळे फिरणे, धुळीत लोळणे व चोच न छाटलेली असणे या गोष्टी परसातील कोंबडीच्या हिताच्या आहेत. शाबूत चोचीने पिसे साफ करणाऱ्या कोंबड्यांवर उत्तरी कोंबडी-माइट कमी वाढतात, असे प्रयोगांत आढळून आले आहे.

अशा घरात पाच-दहा कोंबड्यांचे मोल त्यांच्या बाजारभावापेक्षा अधिक असते. अंडी व पिले विकून येणारा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो आणि मीठ-मिरची, वह्या-पुस्तके असे किरकोळ खर्च त्यातून भागतात. माइटचा सर्वांत मोठा घाव नेमका येथे बसतो. खुडूक कोंबडी अंडी उबविण्यासाठी एकवीस दिवस एकाच जागी बसते, त्यामुळे तिच्याखालच्या भुशातील माइटना रात्रंदिवस अन्न मिळते. त्रासलेली कोंबडी अर्ध्यावरच अंड्यांवरून उठते किंवा बसल्या जागी रक्तक्षयाने मरते. निघालेली पिलेही रक्त गमावून एकेक करून दगावतात. पुष्कळदा हा दोष अंड्यांना किंवा दृष्ट लागण्याला दिला जातो.

लक्षणे व निदान : तुरा व गलोल फिकट पडणे, अंडी कमी होणे, वजन घटणे, सतत चोचीने अंग खाजविणे आणि सायंकाळी खुराड्यात शिरण्यास नाखुशी दाखविणे ही तांबड्या माइटची प्रमुख लक्षणे होत. अंड्यांच्या कवचावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. खुराड्याची साफसफाई करणाऱ्या व्यक्तीच्या हातांवर खाज सुटून पुरळ उठते. मात्र हे माइट माणसावर कायम वास करीत नाहीत. ते देवीच्या विषाणूचे व काही जंतूंचे वाहकही ठरू शकतात.

निदानासाठी विशेष साधन लागत नाही. अंधार पडल्यावर एक-दोन तासांनी बॅटरीच्या उजेडात काठीची खालची बाजू व कोंबडीचे पाय पाहावेत. पांढरा कागद फटीखाली धरून काठीवर टिचकी मारल्यास त्यावर हालणारे बारीक कण पडतात. ते चिरडल्यास रक्ताचा डाग उमटतो. फटींच्या तोंडाशी मीठ-मिरपूड सांडल्यासारखा करडा थर दिसला, तरी प्रादुर्भाव निश्चित समजावा. दिवसा गुदद्वाराजवळची पिसे फुंकर घालून पाहिल्यास अंगावर राहणारे माइट व उवा दिसतात. उवा पिवळसर, चपट्या व सहा पायांच्या असून त्यांचे सर्व आयुष्य पक्ष्याच्या अंगावरच जाते.

एका-दोन दिवसांत अनेक कोंबड्या अचानक मरू लागल्यास ते माइटचे काम नव्हे. मानमोडी म्हणजे रानीखेत रोग किंवा बर्ड फ्ल्यू यांचा संशय घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळविणे आवश्यक असते. शिरूर अनंतपाळच्या शेजारच्या उदगीर शहरात जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या कावळ्यांच्या मृत्यूंचे कारण बर्ड फ्ल्यू असल्याचे प्रयोगशाळेतील तपासणीत सिद्ध झाले होते.

खुराड्याचा उपचार : तांबडा माइट व गोचीड यांच्या बाबतीत खुराडे हाच खरा रोगी समजावा. प्रथम कोंबड्या अन्यत्र हलवून जुना भुसा, पेंढा व विष्ठा काढून जाळावी किंवा दूर नेऊन पुरावी. काठ्या व डालगी बाहेर काढून त्यांवर उकळते पाणी ओतावे आणि ती कडक उन्हात वाळवावीत. भिंतीच्या फटी खरवडून त्यांतही उकळते पाणी सोडावे. नंतर त्या माती-शेणाच्या गिलाव्याने बुजवून वरून चुन्याचा दाट हात द्यावा. चुना ओला असताना कोंबड्या आत सोडू नयेत. अंड्यांवर बहुतेक उपायांचा पूर्ण परिणाम होत नसल्याने पाच ते सात दिवसांनी, म्हणजे नवी पिढी अंडी घालू लागण्यापूर्वी, हीच क्रिया पुन्हा करावी लागते. दुसरी फेरी टाळल्याने पहिलीचे श्रम व्यर्थ जातात.

बसावयाची काठी भिंतीला टेकू न देता चार पायांच्या घोडीवर ठेवावी आणि प्रत्येक पायाखाली तेल घातलेली वाटी ठेवावी. मुंग्या येऊ नयेत म्हणून दुभत्याच्या कपाटाखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, त्यातलाच हा प्रकार आहे. कडुनिंबाच्या पाल्याच्या धुराने डास कमी होतात, पण भेगांच्या तळाशी दडलेल्या माइटपर्यंत तो पोहोचत नाही. त्यामुळे केवळ धुरावर विसंबून राहणे योग्य नव्हे.

कोंबडीचा उपचार : अंगावर राहणाऱ्या माइटसाठी धूळस्नान हा जुना व स्वस्त उपाय आहे. पाऊस न लागणाऱ्या जागी उथळ खड्ड्यात किंवा जुन्या टोपलीत कोरडी बारीक माती व चाळलेली लाकडाची राख ठेवल्यास कोंबड्या आपणहून त्यात लोळतात. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूळस्नानाच्या पेटीत गंधकाची भुकटी मिसळल्यास उत्तरी कोंबडी-माइट जवळजवळ नाहीसे होतात, असे दिसून आले. पेटीचा वापर न करणाऱ्या कोंबड्यांनाही त्याचा लाभ झाला.

पायाच्या खरजेवर प्रथम पाय कोमट साबणपाण्यात भिजवून मऊ ब्रशाने सुटे पापुद्रे काढावेत. खवले ओढून काढू नयेत, कारण त्यामुळे रक्त येते. पाय कोरडा करून त्यावर जवसाचे किंवा अन्य खाद्य तेल, व्हॅसलीन अथवा गंधकाचे मलम चोळावे. तेलाच्या थरामुळे माइट गुदमरतात. हा उपचार काही आठवडे नेमाने करावा लागतो, कारण विद्रूप झालेले खवले पुढील कात टाकेपर्यंत पूर्ववत होत नाहीत. नुसते रॉकेल लावण्याची प्रथा घातक आहे. त्याने त्वचा भाजते.

रासायनिक औषधे व त्यांचे धोके : कुक्कुटपालनावरील जुन्या पुस्तकांत बीएचसी व कार्बारिल यांच्या भुकटीची शिफारस आढळते. भारतात बीएचसीवर १९९७ मध्ये व कार्बारिलवर २०१८ मध्ये बंदी घालण्यात आली असल्याने ती आता त्याज्य आहे. पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी द्रव्ये खुराड्यात फवारण्यासाठी वापरतात. तथापि सतत वापराने तांबड्या माइटमध्ये त्यांना दाद न देण्याची क्षमता निर्माण झाल्याचे युरोपात आढळले आहे. युरोपीय संघात २०१७ मध्ये संमत झालेले फ्ल्यूरालानर हे औषध पिण्याच्या पाण्यातून सात दिवसांच्या अंतराने दोनदा देतात. ते कोंबडीच्या रक्तातून माइटच्या पोटात जाते. आयव्हरमेक्टिन पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे व त्यानंतर किती दिवस अंडी आणि मांस वर्ज्य करावयाचे, हेही त्यालाच विचारावे.

सोयाबीन, तूर अशा पिकांवर फवारावयाच्या कीटकनाशकाची उरलेली बाटली शेतकऱ्याच्या घरात असते आणि तीच खुराड्यात किंवा थेट कोंबडीवर वापरण्याचा मोह होतो. यातील धोका युरोपातील एका प्रकरणावरून स्पष्ट होतो. २०१७ मध्ये नेदर्लंड्स व बेल्जियममधील कोंबड्यांच्या शेडमध्ये तांबड्या माइटविरुद्ध वापरलेल्या द्रव्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक बेकायदेशीरपणे मिसळलेले आढळले. ते अंड्यांत उतरल्यामुळे अनेक देशांतील बाजारांतून लक्षावधी अंडी परत घेऊन नष्ट करावी लागली. फिप्रोनिल भारतातही पिकांसाठी विकले जाते. मोठ्या उद्योगातील अंड्यांची निदान तपासणी होते; परसातील अंडे मात्र तपासणीवाचून घरच्या मुलाच्या ताटात येते. फवारणाऱ्यालाही धोका असतोच. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून कोंबड्यांसाठी संमत नसलेले कोणतेही पीकसंरक्षक द्रव्य खुराड्यात वापरू नये.

प्रतिबंध : बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवून तिचे पाय व गुदद्वाराजवळची पिसे तपासावीत. दुसऱ्याच्या घरून आणलेले डालगे उकळत्या पाण्याने धुतल्याखेरीज वापरू नये. खुडूक कोंबडी बसविताना दरवेळी नवा भुसा घ्यावा, त्याखाली राखेचा थर द्यावा व ती जागा आठवड्यातून एकदा पाहावी. वळचणीतील सोडून दिलेली घरटी काढून टाकावीत. पावसाळ्यापूर्वी एकदा व दिवाळीच्या सुमारास एकदा खुराड्याच्या भेगा बुजवून चुना दिल्यास माइटचे प्रमाण आटोक्यात राहते. उपायांनी गुण न आल्यास तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा उदगीर येथे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालयात झाकणबंद बाटलीत माइटचा नमुना नेऊन जात ओळखून घ्यावी. जात निश्चित झाली, म्हणजे उपचार अंगावर करावयाचा की भिंतीवर, हा प्रश्न सुटतो.