दाबलेल्या गवताची साक्ष

डहाणू-तलासरीत गवत ही कधीच किरकोळ गोष्ट नव्हती. 1945 मध्ये इथल्या वारल्यांनी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला होता. ते गवत वजनावर विकलं जाई. त्यात कोणकोणत्या जाती होत्या, याच्याशी व्यापाऱ्याला देणंघेणं नव्हतं.

जात कळते ती हर्बेरियममध्ये, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात. रोशा गवताचंच घ्या. पातं चुरगळलं की गुलाबासारखा वास येतो, तो जिरॅनिऑल या द्रव्याचा. खानदेशात त्याचं तेल काढत. मुंबईमार्गे ते तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठीही जाई.

असं गवत जतन करायचं तर फुलोऱ्यासकट आणि मुळासकट उपटावं लागतं. पुरुषभर उंच काडी कागदावर मावत नाही, म्हणून ती नागमोडी दुमडतात, रद्दीत दाबतात, कागद रोज बदलतात. वास हळूहळू उडतो. उरतो तो आकार, आणि कोपऱ्यातली चिठ्ठी: गाव, तारीख, उतार की माळ, गोळा करणाऱ्याचं नाव. माझ्या मते खरा ऐवज ती चिठ्ठीच. तिच्याविना नमुना म्हणजे नुसती वैरण.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम अशाच नमुन्यांचं घर आहे. ब्लॅटर आणि मॅकॅन या अभ्यासकांचा मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा ग्रंथ 1935 मध्ये आला. जुन्या वाळक्या पात्यातून आज डीएनएसुद्धा मिळवता येतो.

डहाणू-तलासरीच्या शिक्षकांनो, यंदा पावसाळा सरताना मुलांना डोंगरउतारावर न्या. एक सुवासिक गवत दाबा आणि त्याचं वारली नाव चिठ्ठीवर आठवणीनं लिहा.