तीन पायांचा ससा

‘धरलेल्या सशाला तीनच पाय’ असे आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. अमेरिकेतल्या ससेपालकांना मात्र आपल्या सशाला तीन पाय मिळावेत याची मनापासून आस असते.

त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे नाव अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशन. सुरुवात १९१० ची. तिच्या प्रदर्शनांतल्या मानाच्या विजयाला ‘लेग’ म्हणतात, म्हणजे पाय. तो सहजी मिळत नाही. एकूण किमान ५ ससे स्पर्धेत हवेत, तेही किमान ३ जणांनी आणलेले. तरच त्यांतल्या पहिल्याला एक पाय. असे ३ पाय किमान दोन वेगळ्या परीक्षकांच्या हातून मिळाले आणि सशाची रीतसर नोंदणी असली, की तो ‘ग्रँड चॅम्पियन’. आपली म्हण इथे उलटी होते. सशाला पाय किती, हे ज्याने तो धरला आहे त्याने सांगायचेच नाही!

मग सांगणार कोण? एक पुस्तक. ‘स्टँडर्ड ऑफ परफेक्शन’ या ग्रंथात सुमारे ५० जातींचा आदर्श ससा शब्दांत रेखाटलेला आहे, आणि प्रत्येक जातीचे १०० गुण अंगकाठी, लोकर, रंग, कान यांत वाटून दिले आहेत. नेदरलँड ड्वार्फचे वजन अडीच पौंडांवर जाता कामा नये. म्हणजे तो सव्वा किलोही भरत नाही. फ्लेमिश जायंटची प्रौढ मादी १४ पौंडांपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे सव्वासहा किलोंच्या पुढेच. आणि हे दोघेही एकाच युरोपीय रानसशाचे वंशज! आपल्या माळावर पायांखालून उसळी मारून पळणारा ससा मात्र या कुळातला नव्हे. त्याची पिल्ले उघड्या डोळ्यांनी, अंगावर केस घेऊनच जन्मतात. पाळीव सशाची पिल्ले जन्मतात उघडीवाघडी आणि डोळे मिटलेली.

पुस्तकातला हिमालयन ससा पाहिला की थक्क व्हायला होते. त्याचे अंग पांढरेशुभ्र. नाक, कान, पाय आणि शेपूट तेवढे गडद. हा रंग ठरवते शरीराची ऊब. रंगद्रव्य घडवणारे त्याचे विकर उबेत निकामी होते आणि गारव्यातच काम करते. म्हणून शरीराची जी टोके थंड, तीच रंगतात. परीक्षक त्या गडद ठिपक्यांना गुण देतो, तेव्हा सशाच्या अंगावर उमटलेला तापमानाचा नकाशाच तो तपासत असतो.

नोंदणीची रीतही तितकीच काटेकोर. ससा किमान ६ महिन्यांचा हवा आणि त्याच्या ३ पिढ्या कागदावर हव्यात. आई-बाप २, आजा-आजी ४, पणजा-पणजी ८. म्हणजे एका सशामागे १४ पूर्वज उभे. मग परवानाधारक निबंधक त्याला टेबलावर घेऊन दात, नखे, शेपूट, वजन सारे पाहतो. ससा खरा उतरला, तर उजव्या कानात नोंदणीचे चिन्ह गोंदले जाते. डाव्या कानात मालकाने दिलेला क्रमांक असतोच. त्या पातळ, गुलाबी कानांत एका घराण्याची वही मावते.

नव्या जातीला दार उघडे आहे, पण उंबरा उंच आहे. संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात समितीपुढे तिला तीनदा उत्तीर्ण व्हावे लागते. मानेभोवती सिंहासारखी आयाळ असलेला लायनहेड असाच २०१४ मध्ये यादीत आला. इथेही आकडा तीनच!

मला या संघटनेचे मोल याच चिकाटीत दिसते. सशाचे आयुष्य दहाएक वर्षांचे. पाळणारा माणूसही कधीतरी थकतो, पिंजरे रिकामे होतात. पण एखादी जात टिकायची, तर कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या एकच वर्णन डोळ्यांपुढे ठेवून जोड्या लावायला हव्यात. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी. त्यांना बांधून ठेवते ते एक पुस्तक, एक वंशावळ आणि परक्या परीक्षकाचा शब्द. ज्याचा ससा त्याला लाडका असणारच. तो उत्तम आहे की नाही, हे मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला ही माणसे राजी होतात, आणि पुढच्या प्रदर्शनाला ससा घेऊन पुन्हा रांगेत उभी राहतात.