पहिल्या जानेवारीचं पाकीट

दरवर्षी १ जानेवारीला नवी दिल्ली आणि इस्लामाबाद इथं एकाच दिवशी एक छोटं काम उरकलं जातं. भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुप्रकल्पांची यादी एकमेकांच्या हाती देतात. यादीतल्या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही, एवढाच हा करार. ३१ डिसेंबर १९८८ ला त्यावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९२ ला पहिल्या याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. मग कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, २६/११ झालं, पुलवामा आणि बालाकोट झालं. यादी मात्र चुकली नाही.

हे जमतं कसं? विश्वास आहे म्हणून नव्हे. यादी द्यायला मंत्र्यांची भेट लागत नाही, वाटाघाटी लागत नाहीत. तारीख ठरलेली आहे. द्यायची तर कॅलेंडर बघितलं की पुरतं. न देण्यासाठी मात्र कुणालातरी मुद्दाम निर्णय घ्यावा लागतो आणि त्याचं उत्तरही द्यावं लागतं. वैऱ्यांमधली मुत्सद्देगिरी टिकते ती अशा ठिकाणी.

दुसरं उदाहरण टेलिफोनचं. दोन्ही सैन्यांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमध्ये, म्हणजे डीजीएमओंमध्ये, १९७१ च्या युद्धानंतर हॉटलाइन बसवली गेली. ही लाइन फक्त संकटात वापरायची नसते. दर मंगळवारी तिच्यावर बोलणं होतं, बहुतेक वेळा खालचे अधिकारीच बोलतात आणि विषयही नियंत्रण रेषेवरचे रोजचेच असतात. या सवयीचा उपयोग आणीबाणीत कळतो. १० मे २०२५ ला, चार दिवसांच्या लढाईनंतर, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी भारतीय डीजीएमओंना फोन केला आणि संध्याकाळी ५ पासून मारा थांबवायचं ठरलं. त्या रात्री उल्लंघनं झालीच, पण १२ मेला दोघं पुन्हा बोलले. नवी लाइन टाकावी लागली नाही, कुणाशी बोलायचं हे शोधावं लागलं नाही.

तिसरी व्यवस्था थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे कितीतरी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. कच्छच्या रणातल्या ९६ किलोमीटरच्या सर क्रीक खाडीचा वाद सुटलेला नाही, त्यामुळे तिथून पुढे समुद्रातली हद्दही दोघांनी मिळून आखलेली नाही. मासळीमागे गेलेली बोट पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाच्या हाती लागली की तांडेलापासून खलाशापर्यंत सगळे कराचीच्या मलीर तुरुंगात जातात.

पुढचा प्रवास कागदाचा. २००८ च्या करारानुसार अटकेनंतर तीन महिन्यांत आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांना कैद्याला भेटू द्यायचं असतं. तो नाव, वडिलांचं नाव, गाव सांगतो. ही माहिती दिल्लीला, तिथून राज्याला आणि शेवटी गावच्या पोलिसांकडे पोचते. माणूस आपलाच आहे अशी खात्री झाली की कागद उलट्या वाटेने परत जातो. शिक्षा संपली आणि नागरिकत्व पटलं, की एका महिन्यात सोडायचं, असंही करारात लिहिलेलं आहे. सुटलेले लोक वाघा-अटारीवरून पायी परत येतात. बोट बहुधा तिकडेच राहते.

याच कराराप्रमाणे १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात. मेमधल्या लढाईला दोन महिनेही झाले नव्हते, तरी १ जुलै २०२५ ला याद्या आल्या. पाकिस्तानने आपल्याकडे १९३ भारतीय मच्छीमार असल्याचं कळवलं. भारताच्या यादीत ८१ पाकिस्तानी मच्छीमार होते. पण कैद्यांच्या प्रश्नासाठी निवृत्त न्यायाधीशांची जी संयुक्त समिती २००७ मध्ये नेमली होती, तिची शेवटची बैठक २०१३ मध्ये झाली. तिला तारीख नव्हती; कुणीतरी बोलवावं लागे, आणि संबंध बिघडले की नेमकं बोलवणंच थांबतं.

तारीख म्हणजे काही कवच नव्हे. १९६० चा सिंधू जलकरार १९६५, १९७१ आणि कारगिल या तिन्ही वेळी टिकला. दोन्ही देशांचे आयुक्त एरवी वर्षातून एकदा भेटत. पहलगामच्या हल्ल्यानंतर, २३ एप्रिल २०२५ ला भारताने तो स्थगित ठेवला. सवय मोडायची ठरवली तर मोडता येते. फक्त ती मोडताना मोडणाऱ्याला तसं जाहीर बोलावं लागतं.

२०१९ पासून दोन्ही राजधान्यांत उच्चायुक्त नाहीत. त्यामुळे शांततेची चाहूल घ्यायची तर शिखर परिषदेच्या फोटोची वाट बघण्यापेक्षा कोणत्या कामाला नव्याने ठरलेली तारीख मिळाली, हे पाहावं. करारातला तो एक महिना शिक्षा संपलेल्या खलाशाला खरोखर मोजून मिळू लागला, तर काहीतरी हललं म्हणायचं. आज यादीला तारीख आहे, सुटकेला नाही.